बेचाळीस जणींचे रक्त आणि साहेबांचा वाढदिवस

मित्रांनो, आधीच सांगतो, मला गोड बोलता येणार नाही. जन्मभर थंड राहण्याचेच काम केले, पण एक राग काही केल्या निवला नाही. मी एक जुना डीप फ्रीझर आहे. पांढरा, आडवा, मोठ्या ट्रंकेसारखा, वरून झाकण उघडणारा. हल्ली कोल्हापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या मागच्या बोळात पडून आहे. माझ्यावर कुणी फडकी वाळत घालते, कुणी चहाचा ट्रे टेकवते. त्याचे मला काही नाही. माझा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे.

१९९३ साली मी या रुग्णालयात आलो. टेम्पोतून उतरवताना चौघांनी मला उचलले होते. नारळ फोडला, माझ्या झाकणावर हळदकुंकू वाहिले आणि मला रक्ततपासणीच्या खोलीत भिंतीशी ठेवले. उणे वीस अंश थंडी धरून ठेवणे हे माझे काम. पहिली दहा वर्षे तपासणीची रसायने, काही औषधे आणि बर्फाच्या पिशव्या सांभाळल्या. उन्हाळ्यात कर्मचारी सरबतासाठी बर्फही न्यायचे. मी कुरकुरलो नाही.

माझी देखभाल अण्णासोकडे होती. अण्णासो नेसरीकडचे, शेतकरी घरातले. त्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून वीस वर्षे काम केलेले. माणूस भिडस्त, पण कामात चोख. रोज सकाळी माझा तापमापक बघून भिंतीवरच्या कागदावर आकडा लिहायचे. भारनियमनाच्या दिवसांत वीज गेली, की घरून आणलेली जाड वाकळ माझ्यावर घालायचे आणि सगळ्यांना दटावायचे, "झाकणाला हात लावू नगा. आतली थंडी भायेर आली तर परत जात न्हाई."

मला वाटायचे, असा माणूस आहे तोवर मला काळजी नाही.

२००४ साली डॉक्टर प्रीती कुरणे रुग्णालयात आल्या. तिशीच्या, बारीक चणीच्या, स्कूटरवरून येणाऱ्या. त्यांनी ल्यूपस नावाच्या आजाराच्या बायकांची नोंद करायला सुरुवात केली. हा आजार बहुतेक तरुण बायकांना गाठतो. सांधे सुजतात, केस गळतात, अंगात बारीक ताप राहतो, गालांवर लाल चट्टे उठतात, कुणाची मूत्रपिंडेही खराब होतात. उन्हात गेले की सगळे वाढते.

त्या नोंदीत हुपरीची अक्षता होती. तेवीस वर्षांची. हुपरीला घरोघरी चांदीचे पैंजण घडतात. अक्षताच्या घरीही तेच काम. चांदी आटवणे, तार ओढणे, घुंगरू डाख देऊन जोडणे, सगळे तिला येत होते. लग्न होऊन सासरी गेली आणि वर्षात गालांवर चट्टे आले. सासरच्यांनी 'महारोग आहे' असे म्हणून तिचे ताट वेगळे केले आणि पुढच्या महिन्यात तिला आईच्या दारात आणून सोडले. तिची आई बायडाबाई तिला दोन वर्षे देवऋषी, वैदू आणि डॉक्टर अशी फिरवत होती. महारोग नाही, हे पहिल्यांदा डॉक्टर प्रीतींनी सांगितले. ते ऐकून बायडाबाई माझ्या शेजारच्या स्टुलावर मटकन बसली. रडली नाही. म्हणाली, "मग त्यास्नी आता कोन सांगणार?"

त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला आजार समजावला. मी सगळे ऐकत होतो, म्हणून मलाही कळला.

"मावशी, गावात चोर आला की राखणदार शिट्टी मारतो की नाही? शिट्टी ऐकून बाकीचे राखणदार धावतात. आपल्या रक्तातही तसे राखणदार असतात. ते एकमेकांना निरोप देतात, शिट्टी मारल्यासारखा. ते निरोप म्हणजे फार बारीक प्रथिनं. त्यांना सायटोकाइन म्हणतात."

"मग हिला काय झालंय?"

"हिच्या अंगात चोर नसतानाच शिट्ट्या वाजतायत. राखणदार सैरभैर होऊन घरच्याच माणसांना काठ्या घालतायत. सांध्यांना, कातडीला, उद्या कदाचित मूत्रपिंडालाही."

"आनि त्यो उन्हाचा काय संबंध?"

"उन्हानं शिट्ट्या वाढतात, म्हणून ऊन टाळायचं. पण ड जीवनसत्त्व आपल्याला उन्हातूनच मिळतं. आणि ते जीवनसत्त्व राखणदारांना जरा दमानं घ्या म्हणतं, असं काही जाणकारांना वाटतं. ज्यांच्या अंगात ते कमी, त्यांच्यात शिट्ट्या जास्त वाजतात का, हे मला बघायचंय. त्यासाठी रक्त पाहिजे."

अक्षता इतका वेळ पदराआड तोंड लपवून गप्प होती. ती म्हणाली, "घ्या. किती पायजे तेवढं घ्या."

मित्रांनो, आठ महिन्यांत बेचाळीस जणींनी रक्त दिले. चंदगडच्या डोंगरातून तेजस्वी नावाची मुलगी यायची. कॉलेज अर्धवट सुटलेले, बोटे सुजलेली, एस.टी.त तिला वांत्या व्हायच्या. नेसरीहून साठीच्या धोंडुबाई यायच्या. त्या गाडी बदलत उपाशीपोटी यायच्या आणि रक्त देऊन झाल्यावरच पुडीतली भाकरी सोडायच्या. अण्णासो त्यांच्याच गावाकडचे, म्हणून त्या हक्काने म्हणायच्या, "अण्णासो, माझं रगात नीट ठेव बरं का. सांडशील."

"न्हाई सांडत, काकी."

रक्त यंत्रात गरगर फिरवले की वर पिवळसर पाणी येते. त्याला सीरम म्हणतात. प्रत्येकीचे सीरम करंगळीएवढ्या नळीत भरून, वर नाव आणि क्रमांकाची चिठ्ठी लावून, नळ्या स्टँडमध्ये उभ्या करून माझ्या स्वाधीन केल्या जायच्या. माझ्यात निरोप देणारी ती नाजूक प्रथिने जशीच्या तशी राहत. एकदा वितळली, तासन् तास उबेत राहिली, की ती नासतात. डॉक्टरांनी हे अण्णासोंना दहादा सांगितले होते. अण्णासोंनी माझ्या झाकणावर खडूने लिहिले, 'उघडू नये'. तेव्हा माझ्याइतका अभिमानी फ्रीझर कोल्हापुरात दुसरा नसेल.

मग २००५ चा मे महिना आला.

रुग्णालयाचे व्यवस्थापक उदयसिंह साहेब. त्यांचा पन्नासावा वाढदिवस रुग्णालयाच्याच सभागृहात करायचे ठरले. दीडशे पाहुणे, सत्कार, भाषणे, जेवण आणि शेवटी आंब्याचे आइस्क्रीम. डॉक्टर प्रीती त्या दिवशी पुण्याला गेल्या होत्या. तिथल्या एका प्रयोगशाळेत नळ्या तपासायला कधी पाठवायच्या, ते ठरवण्यासाठी. सकाळी अकराच्या सुमारास साहेब स्वतः आमच्या खोलीत आले.

"अण्णासो, हा खोका रिकामा कर. आइस्क्रीम ठेवायचंय."

अण्णासो उभे राहिले. "साहेब, ह्यात पेशंटचं सीरम हाय. मॅडमनी..."

"भायेर बर्फात ठेव की. दोन तासांचा प्रश्न आहे. काय मढं ठेवलंय काय त्यात?"

"साहेब, मॅडमना एक फोन करून..."

"मॅडमना विचारून मी वाढदिवस करू व्हय?"

अण्णासोंनी मान खाली घातली. मी वाट पाहत होतो. मला वाटले, आता हा माणूस बोलेल. वाकळ घालणारा माणूस आहे हा. पण त्यांनी झाकण उघडले. बेचाळीस नळ्या थर्माकोलच्या पेटीत ओतल्यासारख्या ठेवल्या, वर रसाच्या गाड्यावरून आणलेला बर्फ घातला आणि माझ्या पोटात आंबा आइस्क्रीमचे डबे रचले.

दोन तासांचे सहा तास झाले. एकामागून एक भाषणे होत राहिली. सभागृहातल्या टाळ्या मला ऐकू येत होत्या. थर्माकोलची पेटी खिडकीखाली, मेच्या उन्हात होती. बर्फाचे पाणी झाले, पाण्यात नळ्या आडव्या तरंगू लागल्या, चिठ्ठ्या भिजून सुटू लागल्या. आणि मी, त्यांना वाचवण्यासाठीच बनवलेला, त्यांच्यापासून चार हात अंतरावर आइस्क्रीम गार करत उभा होतो.

संध्याकाळी पाचला अण्णासो धावत आले. पेटीत हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. नऊ नळ्यांच्या चिठ्ठ्या सुटल्या होत्या. त्यांनी घाईने सगळ्या नळ्या माझ्यात आडव्याच टाकल्या. दुसऱ्या दिवशी नळ्या स्टँडमध्ये उभ्या केल्या, सुटलेल्या चिठ्ठ्या अंदाजाने चिकटवल्या, आणि भिंतीवरच्या कागदावर नेहमीसारखा आकडा लिहिला, उणे वीस. तो आकडा खोटा नव्हता. म्हणून तर मला जास्त चीड आली.

डॉक्टर परत आल्या. त्यांना कुणी काही सांगितले नाही. अण्णासो त्यांच्याकडे बघेनासे झाले. पुण्याला पेटी पाठवण्याची तारीख जुलैत ठरली. ती बिघडलेली प्रथिने तपासली जाणार, त्यांचे आकडे येणार, एकीचे दुसरीच्या नावावर चढणार आणि त्या आकड्यांवर विसंबून कुणीतरी आजारी बायकांचे उपचार ठरवणार. हे सगळे मला कळत होते आणि मला फक्त गुरगुरता येत होते.

हे फोडले अक्षताने.

जूनच्या शेवटी ती तपासणीला आली. डॉक्टर वरच्या मजल्यावर होत्या. खोलीत एकटे अण्णासो.

"मामा, माझं रगात कुठं ठेवलंय तुमी?"

"ह्यात हाय. कशाला?"

"दावा की."

"उगं कशाला उघडायचं, थंडी जाती."

"माझंच हाय न्हवं? येकदा बघू दे की."

अण्णासोंनी झाकण उघडले आणि स्टँड वर काढला. अक्षता वाकली. तिने नळीला हात लावला नाही, नुसती बघत राहिली. चांदीच्या बारीक कामात मुरलेली नजर होती ती.

"मामा, नळ्या उब्या हायत्या. मग आतलं तिरकं कसं गोठलंय?"

अण्णासोंनी स्टँड आपल्याकडे ओढला.

"आमी चांदी आटवतो. मूस ज्या अंगाला कलती, त्या अंगाला चांदी बसती. ह्ये येकदा पाणी झालंय, आडवं पडलंय आनि मग परत गोठलंय. खरं का न्हाई?"

अक्षताने चिठ्ठ्यांकडे बोट केले. काहींची शाई फुटलेली, काही वाकड्या चिकटवलेल्या.

"आनि ह्यातली मी कुठली, त्ये तरी ठावं हाय का तुमास्नी?"

मित्रांनो, त्या क्षणी अण्णासो माझ्या शेजारी फरशीवर बसले आणि त्यांनी तोंड झाकून घेतले. मला त्यांची कीव आली नाही. आजही फारशी येत नाही. पण पुढे त्यांनी जे केले तेही सांगायला हवे. त्याच पावली ते वर गेले आणि डॉक्टरांना सगळे सांगून खाली घेऊन आले. आइस्क्रीम, बर्फ, सहा तास, नऊ चिठ्ठ्या. काही लपवले नाही.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी एकेक नळी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "वीज गेली की तुम्ही ह्याच्यावर वाकळ घालत होतात, अण्णासो."

एवढेच. अण्णासोंना ते थोबाडीत बसल्यासारखे लागले.

तासाभराने उदयसिंह साहेब आले. माझ्या झाकणावर कोपर टेकून उभे राहिले.

"मॅडम, एवढं काय त्यात? पाठवून द्या. पुण्याच्या लोकांना काय स्वप्न पडणार आहे?"

"ड जीवनसत्त्व वितळूनही तग धरतं, साहेब. पण निरोप देणारी प्रथिनं गेली. आणि कुठली नळी कुणाची, तेही आता नक्की नाही. मी खोटे आकडे पाठवणार नाही."

"मग बायकांना सांगा, रिपोर्ट हुकला, परत रक्त द्या."

"हुकला नाही. आपण नासवलं. तेच सांगणार."

"इथं राहायचं असेल तर जरा जपून बोला."

"जपायचं म्हणूनच तर ह्या फ्रीझरला कुणी हात लावू नका म्हटलं होतं."

साहेब दार आपटून गेले. अक्षता कोपऱ्यातच उभी होती. ती डॉक्टरांकडे वळली. इतक्या महिन्यांत तिचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता.

"आमच्या सासरच्यांनी माझं ताट येगळं केलं, त्ये अडाणी हुते. तुमी तर शिकल्यासा की! आमचं रगात काढून भायेर उन्हात ठेवलासा आनि त्याच्या जागी आइसक्रीम ठेवलासा? आमी परत येणार न्हाई."

डॉक्टर म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे." त्यांनी माफी मागितली. अक्षता ती न घेताच निघून गेली.

पुढचे चार महिने डॉक्टर प्रीती आणि अण्णासो सुटीच्या दिवशी एस.टी.ने गावोगाव हिंडले. पत्र पाठवून भागले असते, पण डॉक्टरांना ते पटले नाही. प्रत्येक दारात अण्णासो स्वतः सांगायचे, "चूक माझ्या हातनं झाल्या." कुणी चहा दिला, कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतले. परत आल्यावर दोघे माझ्या शेजारी बसून यादीवर खुणा करायचे, म्हणून मला सगळे कळत गेले.

चंदगडची तेजस्वी पावसाळ्यातच गेली होती, मूत्रपिंडे निकामी होऊन. आणि नेसरीला धोंडुबाईच्या घरी त्यांचा मुलगा हंबीरराव दारात आला. आई आषाढात वारली होती. तो अण्णासोंना म्हणाला, "मरायच्या आदी म्हनत हुती, माझं रगात कोल्हापुरात अण्णासोकडं हाय, डॉक्टरबाई त्यातनं काय तरी शोधून काढणार हायत. काय निघालं वं त्यातनं?"

ते सांगताना अण्णासो हुंदके देऊ लागले. डॉक्टर यादीकडे बघत राहिल्या. मित्रांनो, मी उणे वीस अंशात होतो, पण मला भाजल्यासारखे झाले. बाकीच्यांकडून दुसऱ्यांदा मागता येत होते. या दोघींकडून येत नव्हते. त्यांनी जे एकदा दिले, तेवढेच होते, आणि ते मोरीत ओतल्यासारखे वाया गेले होते.

नोव्हेंबरात अक्षता आली. बरोबर बायडाबाई आणि आणखी पाच जणी. अक्षता झाकणाशी उभी राहून म्हणाली, "रगात देतो. पर तीन गोष्टी. ह्याला कुलूप पायजे आनि किल्ली तुमच्याकडं, साहेबाकडं न्हाई. नळीवर नाव चिठ्ठीचं न्हाई, मी कोरून देणार. आनि जे काय निघंल, त्ये पयलं आमास्नी सांगायचं, आमच्या भाषेत."

डॉक्टरांनी तिन्ही मान्य केल्या. अण्णासोंनी त्याच दुपारी मला कडी बसवली. अक्षताने आपल्या कोरणीने सगळ्या रिकाम्या नळ्यांवर नाव आणि गाव कोरले. तिची बोटे सुजलेली होती, मधेमधे ती हात झटकत होती, पण अक्षर एकही वाकडे आले नाही. बेचाळीसपैकी एकोणतीस जणी पुन्हा आल्या. अकरा जणींनी नकार दिला, आणि त्यांना कुणी दोष देऊ शकत नव्हते.

२००७ मध्ये निकाल आला. डॉक्टरांनी शब्द पाळला. पहिल्यांदा त्या बायकांनाच बोलावले. कुणी बाकावर, कुणी फरशीवर बसल्या.

"एकोणतिसांपैकी सव्वीस जणींत ड जीवनसत्त्व फार कमी निघालं," डॉक्टर म्हणाल्या. "ज्यांच्यात सगळ्यात कमी, त्यांच्यात त्या शिट्ट्या बहुतेक करून जास्त होत्या. पण आपण मोजक्याच जणी आहोत. कमी आहे म्हणून शिट्ट्या वाजतात, का आजार वाढला म्हणून ते कमी झालं, हे ह्यावरून ठरत नाही. आणि जीवनसत्त्व घेतलं की ल्यूपस जाईल, असंही कुणी समजू नका. तुमची औषधं सोडायची नाहीत. पण ही कमतरता भरून काढायलाच हवी, हाडांसाठी तर नक्कीच. मी प्रत्येकीला मात्रा लिहून देते."

बायडाबाईने विचारले, "पर ह्ये कमी का झालं वं?"

"बहुतेक ऊन टाळल्यामुळं."

"ऊन टाळा म्हनून कोन म्हनलं हुतं?"

"आम्हीच."

मग अक्षता बोलली. "उन्हातनं मिळायचं त्ये बंद केलासा. त्ये दुसरीकडनं घ्या म्हनून कुनी सांगायचं?"

"आम्ही सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "मीसुद्धा. आम्ही अर्धंच सांगितलं."

मला वाटते, त्या खोलीत इतक्या वर्षांत बोलले गेलेले ते सगळ्यात खरे वाक्य होते.

अक्षता बरी झाली का, असे तुम्ही विचाराल. पूर्ण नाही. तो आजार तसा जात नाही. पण तिच्या हाडांचे दुखणे कमी झाले, गोळ्या चालू राहिल्या, चट्टे फिके पडले. सासरी ती गेली नाही. बोलावणे आले होते. बायडाबाईने निरोप्याला पाणी दिले आणि परत पाठवले.

आणि उदयसिंह साहेब? त्यांचे काही झाले नाही. चौकशी झाली नाही, एक कागद हलला नाही. उलट ते विश्वस्त झाले आणि त्यांची तसबीर सभागृहात लागली. अण्णासोंनी पुढेही काही वर्षे काम केले, पण त्यांनी कधी स्वतःला 'हुकूम होता' म्हणून सोडवून घेतले नाही. एवढ्यासाठी मी त्यांना थोडे माफ केले आहे. सगळे नाही.

२००९ साली माझे यंत्र थकले. अण्णासोंच्या ते दहा मिनिटांत ध्यानात आले. त्यांनी एकेक नळी उचलली, त्यावरचे नाव मोठ्याने वाचले आणि नव्या फ्रीझरमध्ये उभी केली. मग मला बोळात आणून ठेवले.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी डॉक्टर होतील, कुणी तंत्रज्ञ, कुणी मोठे साहेब. तुमच्या हाती कुणाच्या तरी अंगातले काढलेले चार थेंब येतील. ते फार थोडे दिसतील. त्यांच्यासाठी कुणीतरी उपाशीपोटी गाड्या बदलत आलेले असेल, आणि त्यातून काय निघाले हे विचारायला ते माणूस कदाचित पुन्हा येणार नाही. ज्याला ते कळत नाही असा एखादा अधिकारी झाकण उघडायला सांगेल. तेव्हा मान खाली घालू नका. झाकणावर दोन्ही हात ठेवा आणि नाही म्हणा. मला हात नव्हते. तुम्हाला आहेत.